जबर, जेर, पेश

गेल्या अंकात उर्दू अक्षरं एकमेकांचा हात कशी धरतात, त्यावर लिहिलं होतं. त्यावर आलेली निम्म्याहून जास्त पत्रं एकाच उंबऱ्यावर अडली आहेत. अक्षर ओळखता येतं, शब्द वाचता येत नाही. तेव्हा या वेळी बाकीचे प्रश्न ठेवून देते.

नव्यानं वाचणाऱ्यांसाठी दोन वाक्यं. अरबी लिपीत, आणि तिच्यावरून आलेल्या फारसी-उर्दूत, अक्षरं म्हणजे मुख्यतः व्यंजनं. दीर्घ स्वरांसाठी अलिफ, वाव आणि ये ही तीन अक्षरं राबतात. ऱ्हस्व अ, इ, उ यांना मात्र अक्षरच नाही, अक्षराच्या डोक्यावर किंवा पायाशी एक बारीक खूण असते, आणि तीही बहुतेक लोक घालत नाहीत. सगळं रडगाणं या शेवटच्या अर्ध्या वाक्याचं आहे.

प्रश्न : बाई, मी इतिहासात एम.ए. करते आणि मराठेशाहीची फारसी कागदपत्रं वाचता यावीत म्हणून लिपी शिकते आहे. जबर, जेर, पेश यांची नावं आणि जागा यांत माझा रोज घोळ होतो. काही युक्ती? (डोंबिवली)

अगं, इतिहासाच्या मुलीला युक्ती कशाला हवी? ही तिन्ही नावं तू रोज वापरतेस. फारसीत जबर म्हणजे वर. ज्याचा हात वर, तो जबरदस्त. जेर म्हणजे खाली. गनिमाला जेरीस आणलं, असं तू उत्तरपत्रिकेत किती वेळा लिहिलं असशील! आणि पेश म्हणजे पुढे. सगळ्यांच्या पुढे चालतो तो पेशवा.

आता आकार. जबर म्हणजे अक्षरावरची छोटी तिरकी रेघ. जेर हीच रेघ, पण अक्षराखाली. पेश म्हणजे चिमुकला वाव, दिसायला स्वल्पविरामासारखा, आणि तोही वरच बसतो. बे या अक्षरावर जबर घातला की ब, खाली जेर घातला की बि, वर पेश घातला की बु. आमच्या वर्गात सकाळी पहिल्या तासाला चाळीस पोरं एका सुरात ओरडायची, ‘बे जबर ब, बे जेर बि, बे पेश बु.’ शेजारच्या इमारतीत मराठी शाळा होती, तिथून त्याच वेळी क का कि की यायचं. मधल्या भिंतीला दोन्ही बाराखड्या पाठ झाल्या असतील.

तू विचारशील, पेश म्हणजे पुढे, तर मग तो वर का? यामागे एक जुनी हकिगत सांगतात. सातव्या शतकात बसऱ्यात अबुल अस्वद अद-दुअली नावाचे व्याकरणकार होते. लोक कुराण चुकीच्या स्वरांनी वाचू लागले, एका स्वरानं अर्थाचा अनर्थ होऊ लागला, तेव्हा त्यांनी एक लेखनिक बसवला आणि त्याला सांगितलं, माझ्या तोंडाकडे बघ. तोंड उघडलं तर अक्षराच्या वर ठिपका दे, खाली ओढलं तर खाली दे, ओठ जुळवून पुढे काढले तर अक्षराच्या पुढे दे. अक्षरं काळ्या शाईत, ठिपके लाल शाईत. अरबी नावंही त्यातलीच आहेत. फतहा म्हणजे उघडणं, कसरा म्हणजे मोडणं, दम्मा म्हणजे जुळवणं. पुढे बे-ते-से यांना वेगळं करणारे ठिपकेही आले, दोन तऱ्हेच्या ठिपक्यांची खिचडी होऊ लागली. तेव्हा आठव्या शतकात खलील इब्न अहमद यांनी स्वरांच्या ठिपक्यांच्या जागी आजच्या रेघा आणि छोटा वाव आणला. अरबी छंदशास्त्राचा पायाही त्यांनीच घातला, त्यामुळे त्यांचा कान कसा असेल त्याची कल्पना कर. वाव वर गेला, नाव मात्र पुढचंच राहिलं.

आरशासमोर उभी राहून अ, इ, उ म्हण. बसऱ्याच्या त्या लेखनिकाला जे दिसलं, तेच तुला दिसेल.

आणखी एक, तुझ्या उपयोगाचं. या खुणांना अरबीत म्हणतात हरकत. तिथे हरकत म्हणजे हालचाल. गवयाच्या गळ्यातली हरकत तीच, आणि ‘काही हरकत नाही’ हीही तिचीच लांबची बहीण, फक्त आपल्याकडे येता येता अडथळा होऊन बसली. ज्या व्यंजनाला स्वर नाही, ते हलत नाही, म्हणून ते साकिन. जुन्या कागदांत ‘साकीन मौजे अमुक’ वाचलं असशीलच. गावात स्थिर राहणारा तो साकीन, आणि स्वराविना जागच्या जागी बसलेलं अक्षरही साकिन. त्याच्यावर अरबीत छोटं शून्य घालतात, त्याचं नाव सुकून. उर्दूत त्याला जज्म म्हणतात.

प्रश्न : मी टपाल खात्यातून निवृत्त झालो, वय 69. गझला मुळातून वाचायच्या म्हणून सहा महिने रोज दोन तास बसून कायदा संपवला (उर्दू अंकलिपीला कायदाच म्हणतात हे वाचून घरचे हसले). त्यात प्रत्येक अक्षरावर खुणा होत्या, धडाधड वाचत होतो. परवा भेंडी बाजारातून उर्दू पेपर आणला, तर सगळे जबर-जेर गायब! एक ओळ लागेना. ही फसवणूक नाही का? (गिरगाव)

फसवणूक नाही, पण तुमचा राग मला ओळखीचा आहे. तो माझ्या आईचा राग आहे.

आमचं मूळ गाव दापोलीकडचं. वडील बोटीवर होते, आम्ही माझगावला एका खोलीत. आई रोज पहाटे कुराण वाचायची, अडखळल्याशिवाय, कारण कुराणाच्या छपाईत एकही खूण सोडलेली नसते. अक्षर दिसलं की त्याचा स्वर शेजारी उभा. पण वडिलांचं पत्र आलं की ती ते माझ्यापुढे टाकायची. पत्र उर्दूत, शिकस्त्याकडे झुकलेल्या घाईच्या अक्षरात, आणि खूण एकही नाही. ‘नवरा माझा, लिपी मला येते, आणि पत्र वाचायला मुलगी लागते,’ असं म्हणायची आणि पोळपाट जोरात आपटायची.

मी चौथी-पाचवीत. मी शक्कल काढली. पत्र आलं की मी पेन्सिलनं सगळ्या शब्दांवर खुणा घालायचे आणि तिला द्यायचे. मग ती स्वतः वाचायची, पुन्हा पुन्हा, चारचौघींना ऐकवूनही. 1967 साली एका पत्रात वडिलांनी लिहिलं होतं, ‘इस महीने के आखिर में पहुँचूँगा.’ इस आणि उस हे दोन्ही शब्द उर्दूत एकाच स्पेलिंगचे, अलिफ आणि सीन, बस. खाली जेर असला तर इस, वर पेश असला तर उस. मी घातला पेश. आधीच्या पत्रात त्यांनी ईदच्या महिन्यात सुट्टी मिळेल असं लिहिलं होतं, माझ्या डोक्यात तोच ‘उस महीना’ होता. आईनं वाचलं, हिशेब केला आणि आम्हाला घेऊन माहेरी निघून गेली. वडील महिनाअखेरीस पेटी घेऊन माझगावला हजर, खोलीला कुलूप. दोन रात्री शेजाऱ्यांच्या गॅलरीत झोपले.

आम्ही परतल्यावर त्यांनी ते पत्र मागितलं. मला वाटलं, आता मार. त्यांनी माझंच खोडरबर घेऊन पेश पुसला, खिशातलं पेन काढून अलिफच्या पायाशी शाईनं जेर ओढला आणि पत्र परत घडी करून आईला दिलं. त्यानंतरच्या प्रत्येक पत्रात इस आणि उस या दोन शब्दांना खूण असायची. बाकी पत्र तसंच कोरं.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या पत्रांत आहे. जाणता लिहिणारा खूण घालतो ती जिथे वाचणारा फसेल तिथेच. पेपरवालेही तेच करतात. परवाचा अंक परत काढा, भिंग घ्या आणि नुसत्या खुणा शोधा. एखाद्या उसवर पेश सापडेल, एखाद्या अक्षरावर इंग्रजी डब्ल्यूसारखी दिसणारी तश्दीद, म्हणजे व्यंजनाला जोड देणारी खूण, सापडेल. ती सापडली तर समजा, इथे संपादकालाही धास्ती वाटली होती.

आता म्हणाल, बाकीचे शब्द लोक वाचतात कसे? तुम्ही मराठी वाचता तसेच. ‘हे जग वाईट आहे, तरी जग.’ वाचलंत ना? पहिला ज जयमधला, दुसरा जाळ्यातला. छपाईत काही फरक होता? घर हा शब्द तुम्ही घर्‌ असा वाचता, पाय मोडल्याची खूण नसताना. करवत वाचताना कुठे थांबायचं, कुठे नाही, ते कोणत्या मास्तरांनी शिकवलं? मोडी वाचणाऱ्याला विचारा, तिथे ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, तरी दप्तरंच्या दप्तरं चालली. डोळा शब्दाचा चेहरा ओळखतो, जीभ आपसूक स्वर घालते. तुमचं दुखणं एवढंच आहे की तुम्ही अजून अक्षरं वाचता आहात, शब्द नाही. सहा महिन्यांत कोणीही तेवढंच करतं.

पण नुसती सवय होऊ द्या असं सांगून मी तुम्हाला वाऱ्यावर सोडणार नाही. उर्दूतले अरबी शब्द साच्यातून काढलेले असतात, जत्रेतल्या साखरेच्या चित्रांसारखे. साचा ओळखला की खुणा आपोआप कळतात, आणि यातले बरेच साचे तुम्ही तलाठ्याच्या कचेरीत ऐकले आहेत.

महसूल, मजकूर, मंजूर, मशगूल, मालूम. म्हणून बघा. प्रत्येकाच्या सुरुवातीला म, शेवटच्या अक्षराआधी ऊ. उर्दू मजकुरात शब्दाच्या पहिल्या जागी मीम आणि उपांत्य जागी वाव दिसला की बेधडक समजा : मीमवर जबर, दुसरं अक्षर साकिन. दहातले नऊ शब्द बरोबर वाचाल. दुसरा साचा : तहसील, तपशील (मुळात तफसील), तजवीज, तालीम. पहिला ते, उपांत्य ये. तेवर जबर, दुसरं साकिन. तिसरा : हाजीर, जाहीर, गाफील. पहिल्या अक्षरानंतर अलिफ, मग पुढच्या अक्षराखाली जेर. तिथे मूळचा स्वर ऱ्हस्व इ आहे, आपण तो मराठीत लांबवला. महसूल, तहसील आणि हासील हे तिघे सख्खे भाऊ आहेत. हे, स्वाद, लाम ही तीनच अक्षरं घेऊन तीन साच्यांतून निघालेले. आणि तालीम म्हणजे शिकवणं. पैलवानाची असो की नाटकवाल्यांची, दोन्ही इल्मच्याच घरातल्या.

जिथे साचा नसतो तिथे आजूबाजूचं वाक्य. मीम-लाम-काफ ही तीन अक्षरं कोरी लिहिली तर चार शब्द होतात. मीमवर पेश घालून मुल्क म्हणजे देश, आपला मुलूख. मीमवर जबर आणि लामखाली जेर घालून मलिक, राजा, आपल्याला मलिक अंबरमुळे माहीत असलेला. मीम आणि लाम दोन्हींवर जबर घालून मलक, देवदूत. आणि मीमखाली जेर घालून मिल्क, मालमत्ता. पण वाक्यात ‘मीम-लाम-काफ के वजीर-ए-आजम’ (म्हणजे पंतप्रधान) असं आलं तर तिथे देवदूत कोण वाचेल?

करायचं काय, ते सांगते. रोज पेपरातल्या फक्त पाच ओळी. कापा, वहीत चिकटवा. मऊ पेन्सिलनं तुम्हाला वाटतात त्या सगळ्या खुणा घाला. चुकू देत. मग जाणकाराकडून किंवा कोशातून तपासा, चुकलेल्या सुधारा. दुसऱ्या दिवशी त्याच पाच ओळींतल्या ओळखीच्या शब्दांवरच्या खुणा खोडरबरानं पुसा आणि मोठ्यानं वाचा. तिसऱ्या दिवशी आणखी पुसा. मला या पद्धतीत घालण्यापेक्षा पुसण्याचं महत्त्व जास्त वाटतं. माझ्या वर्गात वह्या शेवटी करड्या धुरकट व्हायच्या आणि तपासणीला आलेले साहेब त्यावर नाक मुरडायचे. स्वच्छतेचे गुण कापले जायचे. जाऊ देत.

पेपरापूर्वी पाट्यांवर हात साफ करा. तुम्ही गिरगावात राहता, मोहम्मद अली रोड पायी जाण्याच्या अंतरावर. तिथल्या कित्येक दुकानांच्या पाटीवर मराठी, इंग्रजी आणि उर्दू तिन्ही असतात, म्हणजे प्रश्नाखालीच उत्तर छापलेलं. आधी मराठी ओळ हातानं झाका. अत्तराच्या दुकानापाशी मुद्दाम थांबा. ऐन, तोय, रे, तीनच अक्षरं. उर्दूवाला ते ऐनखाली जेर धरून इत्र वाचतो. मराठीनं तोच शब्द उचलला, जेर काढून जबर घातला, मधल्या त ला जोड दिला आणि अत्तर केलं. बाटलीतला वास तोच.

प्रश्न : मी नर्स आहे. मस्कतच्या नोकरीची तयारी करते आहे. अरबीचा क्लास लावला, तिथे सगळं खुणांसकट शिकवतात, पण तिथे असलेल्या मैत्रिणीनं पाठवलेल्या पाट्यांच्या आणि चिठ्ठ्यांच्या फोटोंत एकही खूण नाही. मी चुकीचं शिकते आहे का? (मालाड)

चुकीचं नाही. पोहायला शिकताना कंबरेला डबा बांधतात, तसं आहे ते. पण तुमच्याकडे वेळ थोडा आहे, म्हणून तुम्ही सरळ कामाच्या शब्दांपासून सुरू करा, आणि प्रत्येक शब्द आधी कानानं शिका. ऐकलेला शब्द बिनखुणांचा वाचता येतो. न ऐकलेला शब्द अरबालासुद्धा कधी कधी दोनदा बघावा लागतो.

तुमच्या बाजूनं एक गोष्ट आहे, ती म्हणजे तुमची मराठी. दारावर दाल-खे-वाव-लाम दिसलं तर ते दुखूल, आत जाण्याचा रस्ता. दाखल, दाखला हे आपले शब्द त्याच घरातले. समोरच्या दारावर खे-रे-वाव-जीम, म्हणजे खुरूज, बाहेर. दावा खारीज होतो तो खारीज आठवा. दोन्हींचा साचा एक, पहिल्या अक्षरावर पेश. लाल अक्षरात ममनूअ म्हणजे मनाई, आणि मना, मनाई यांचं मूळही तेच. हा वर सांगितलेला महसूलचाच साचा, म्हणून मीमवर जबर. उघडं असेल तर मफ्तूह, पुन्हा तोच साचा. औषध दवा, डॉक्टर तबीब, रुग्णालय मुस्तश्फा, ज्यात शिफा, म्हणजे बरं होणं, हा शब्द लपून बसला आहे.

आता जिथे खूण नसली की खरंच पंचाईत होते ती जागा सांगते : तश्दीद. ही खूण व्यंजनाला जोड देते, आणि पाट्यांवर तीही गळते. हे-मीम-अलिफ-मीम. पहिल्या मीमवर तश्दीद धरून वाचलं तर हम्माम, न्हाणीघर. तश्दीद विसरलात तर हमाम, म्हणजे कबुतरं. मस्कतमध्ये कुणाला ‘हमाम कुठे आहे’ विचाराल तर दादरच्या कबुतरखान्याचा पत्ता विचारल्यासारखं होईल. (मराठीनं हमामखाना करताना ती तश्दीद केव्हाच धुऊन टाकली, तेव्हा तुमची जीभ फसणार हे धरून चला.)

औषधाच्या चिठ्ठीत मर्रा म्हणजे एकदा आणि मर्रतैन म्हणजे दोनदा. दोन्हींत रेला जोड आहे, लिहिलेला नसला तरी. आणि ‘रोज’साठी यौमिय्यन. या शब्दाच्या शेवटी कागदावर नुसता अलिफ दिसेल, पण तो आ नाही. त्यावर दोन जबर असायला हवे होते, ते घालायचे राहून गेले. दोन जबर म्हणजे अन. फौरनमधला न असाच आला आहे, नूनशिवाय. औषध किती वेळा द्यायचं हे मात्र फक्त वाचून ठरवू नका, आकडा बघा आणि विचारून खात्री करा. हे मी बाई म्हणून नाही, एक पेशंट म्हणून सांगते.

शब्दांच्या शेवटच्या विभक्तीच्या खुणा, ज्यांच्यावर क्लासमध्ये तास जातात, त्या बोलताना तिथले लोक बहुतेक गाळतात. त्या परीक्षेपुरत्या पाठ करा.

प्रश्न : मोबाइलवर एक अॅप आहे, उर्दू शब्दाखाली लगेच देवनागरी दाखवतं. त्यावर शिकलं तर चालेल का? (मुलुंड)

नाही. डोळा देवनागरीवरच जाऊन बसतो, तुमचाही आणि माझाही. अॅपवर देवनागरी बंद करायची सोय असेल तर बंद करा, नसेल तर पडद्याच्या खालच्या अर्ध्या भागावर बसचं तिकीट धरा.

प्रश्न : गझल गाते. उर्दू पुस्तकावरून गाताना मी एका ओळीत ‘दर्द दिल’ असं गायले, वृत्त लंगडलं, उस्ताद हसले आणि म्हणाले, ‘जेर कुठे गेला?’ पुस्तकात जेर नव्हताच. मग माझी चूक कशी? (अंधेरी पूर्व)

पुस्तकाचीही चूक आणि तुमचीही. अंधेरी पूर्वेला राहता ना? मग शेर-ए-पंजाब कॉलनीचा बसस्टॉप तुम्ही शंभरदा पाहिला असेल. त्या नावातला मधला ए उर्दूत लिहायचा झाला तर तो लिहायला अक्षर नाही. शेर लिहायचं, रेच्या पायाशी एक जेर घालायचा, पुढे पंजाब. त्या एका तिरक्या रेघेत आख्खं ‘चा’ बसलेलं असतं, पंजाबचा सिंह. याला इजाफत म्हणतात, आणि फारसीनं आपल्याला दिलेल्या सगळ्या खुणांत हीच मला लाडकी आहे, कारण ही उच्चाराची खूणही आहे आणि व्याकरणाचीही. दर्द-ए-दिल, म्हणजे हृदयाचं दुःख. जेर गेला की दर्द वेगळा, दिल वेगळं, नातं तुटलं.

छपाईत ही फार गळते. जुन्या शिळाछापाच्या पुस्तकांत कातिब, म्हणजे मजकूर हातानं लिहिणारे, घालायचे, कारण ते स्वतः शेर गुणगुणत लिहायचे. आता संगणकावर जुळवणी होते आणि जेरसाठी वेगळी कळ दाबावी लागते, तेव्हा कंटाळा केला जातो. म्हणून तुम्ही दोन गोष्टी बघायच्या. पहिली अर्थाची : दोन नामं एकाला एक लागून उभी आहेत आणि मध्ये का-की-के नाही, तर संशय घ्या. नामामागे विशेषण आलं तरी घ्या, वजीर-ए-आजम हे तसंच, आजम म्हणजे सर्वांत मोठा. दुसरी गोष्ट वृत्ताची, आणि तिथे तुम्ही माझ्या पुढे आहात. ओळ एका मात्रेनं कमी पडली तर हरवलेला जेर तिथेच कुठेतरी आहे. वृत्तात त्याची एक मात्रा धरतात, गरज पडली तर ओढून दोनही, म्हणजे गाताना त्याच्यावर थोडं थांबायलाही मोकळीक आहे.

एक अपवाद लक्षात ठेवा. शब्द अलिफ किंवा वाव यांवर, म्हणजे आ-ऊसारख्या दीर्घ स्वरावर, संपत असेल तर तिथे जेर घालत नाहीत, मोठी ये लिहितात, आणि ती छापलेली असते. मुक्या छोट्या हे वर संपणाऱ्या शब्दांवर मात्र जेरच्या जागी हम्जा बसतो, बारीक, माशीनं घाण केल्यासारखा. तो पुसू नका. माझ्या एका शेजारणीनं जुन्या दिवानाची, म्हणजे कवितासंग्रहाची, पानं साफ करताना अशा दोन इजाफती ब्लेडनं खरवडून काढल्या होत्या.

तुमची ती गझल कोणत्या पुस्तकातून घेतलीत, ते कळवा. माझ्याकडे जुनी आवृत्ती असेल तर त्या पानाची नक्कल पाठवते. जेर मी लाल पेन्सिलनं घालून देईन.